निविदेआधी माणूस नेमा: कोकणच्या हवेच्या मोजमापाबद्दल खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. सदस्य सचिव,
जिल्हा नियोजन समिती, रायगड / रत्नागिरी / सिंधुदुर्ग

प्रत माहितीसाठी: कोकणातील विज्ञान महाविद्यालयांचे प्राचार्य

विषय: हवेची गुणवत्ता मोजणारी यंत्रे घेण्याआधी जागा, देखभाल आणि माणसे निश्चित करण्याबाबत

महोदय, महोदया,

आम्ही हवेची गुणवत्ता आणि हवामानबदल या विषयांत काम करणारी माणसे आहोत. या पत्रात मागणी एकच आहे. हवा मोजण्याच्या यंत्रासाठी निधी मंजूर करताना, ते यंत्र किमान पाच वर्षे सांभाळणाऱ्या प्रशिक्षित माणसाची जागाही त्याच प्रस्तावात मंजूर करावी. जागा मंजूर होणार नसेल, तर यंत्रही घेऊ नये. ही मागणी टोकाची वाटेल, म्हणून तिच्यामागची कारणे सविस्तर लिहीत आहोत.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. त्याच्या यादीत मुंबई, नवी मुंबई, ठाणे, उल्हासनगर, बदलापूर ही शहरे आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतले एकही शहर त्यात नाही. त्यामुळे "आमच्याकडची हवा चांगलीच आहे" असे गृहीत धरले जाते. बऱ्याच अंशी ते खरेही असेल, पण गृहीत धरणे आणि मोजणे यांत फरक आहे. महामार्गाचे चौपदरीकरण, चिरेखाणी, रासायनिक औद्योगिक वसाहती, कोळशावरची वीजनिर्मिती, बंदरांवरची कोळसा आणि खनिजाची चढउतार, काजूच्या टरफलांची भट्टी, उन्हाळ्यातली भाजावळ (पेरणीआधी राब, म्हणजे पालापाचोळा, शेतात जाळणे) आणि वणवे हे सगळे याच पट्ट्यात आहे.

आपल्या देशातल्या मानकानुसार पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, वर्षाच्या सरासरीत घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमच्या आत आणि चोवीस तासांत ६० च्या आत असावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हेच आकडे ५ आणि १५ असे सुचवले आहेत. कोकणात वर्षाच्या सरासरीवर विसंबणे धोक्याचे आहे, कारण चार महिने पाऊस हवा धुऊन काढतो. समजा पावसाळ्याचे चार महिने सरासरी १५ आली आणि उरलेले आठ महिने ४५. वर्षाची सरासरी ३५ येते आणि कागदावर सगळे मानकात बसते. प्रत्यक्षात आठ महिने माणसे मानकापेक्षा वाईट हवेत श्वास घेत असतात. म्हणून अहवालात महिन्यागणिक आकडे मागा, निदान पावसाळा वेगळा काढून मागा.

आता जागेबद्दल. कोकणात सर्वांत जास्त चूक इथेच होते.

किनाऱ्यावर दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे वाहतात, हे मच्छीमारांना सांगावे लागत नाही. यंत्राची जागा ठरवताना मात्र ते विसरले जाते. हिवाळ्यात रात्रीचा मतलई वारा गावातला धूर समुद्रावर नेतो, आणि सकाळी उशिरा खारा वारा सुटला की त्यातला काही भाग परत किनाऱ्यावर येतो. समुद्राकडून आलेली हवा स्वच्छच असते असे मानून सकाळी अकराचा आकडा "यंत्राचा बिघाड" म्हणून गाळला, तर नेमकी हीच नोंद हातची जाते.

याहून महत्त्वाची गोष्ट उंच धुराड्यांची. समुद्रावरून येणारी हवा खालून थंड आणि स्थिर असते. तिच्यात सोडलेला धूर वरखाली फारसा मिसळत नाही, पट्ट्यासारखा सरळ आत जातो. ही हवा तापलेल्या जमिनीवरून सरकू लागली की तिच्या तळाशी घुसळणारा थर तयार होतो आणि किनाऱ्यापासून आत जावे तसा जाड होत जातो. ढोबळमानाने किलोमीटरभर आत तो शंभर मीटरच्या आसपास असतो, तर दहा किलोमीटर आत तीनशेच्या वर. २०० ते ५०० मेगावॅटच्या आतल्या क्षमतेच्या कोळसा-संचाला आपल्याकडे २२० मीटरचे धुराडे लागते, आणि गरम धूर त्याहूनही वर चढून मग आडवा होतो. हा पट्टा आणि वाढत जाणारा थर जिथे भेटतात, तिथे धूर झपाट्याने जमिनीपर्यंत उतरतो. ही जागा प्रकल्पाच्या फाटकापाशी नसते. ऊन, वारा आणि धुराड्याच्या उंचीनुसार ती पाच ते पंधरा किलोमीटर आतल्या एखाद्या गावात असते, आणि दुपारच्या दोन-चार तासांपुरती असते. म्हणून फाटकावर बसवलेल्या यंत्राने महिनोन्‌महिने चांगले आकडे दाखवले, तरी आतल्या गावाची तक्रार खोटी ठरत नाही. किनारी प्रकल्पासाठी एक यंत्र किनाऱ्यावर आणि दोन यंत्रे खाऱ्या वाऱ्याच्या दिशेने आत, वेगवेगळ्या अंतरांवर हवीत. शेजारी दहा मीटर उंचीच्या खांबावर वाऱ्याची दिशा आणि वेग मोजणारे साधन हवेच. वाऱ्याची नोंद नसेल तर धूर कुठून आला हे त्या आकड्यांतून कधीच कळणार नाही.

सडा (डोंगरमाथ्यावरचे खडकाळ पठार) आणि खोरे यांतही फरक करा. थंडीत रात्री खोऱ्यात थंड हवा साचते आणि तिच्यावर गरम हवेचे झाकण बसते. वाशिष्ठी नदीच्या काठावरचे यंत्र आणि त्याच तालुक्यातल्या सड्यावरचे यंत्र पहाटे सहाला वेगळे आकडे देतील, आणि दोन्ही बरोबर असतील. तालुक्याला एकच यंत्र मिळणार असेल तर ते जिथे माणसे जास्त राहतात तिथे, म्हणजे बहुधा खोऱ्यात, बसवा. मात्र पूररेषा बघून. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी कुठवर चढले होते हे तिथे कोणीही दाखवून देईल. त्या उंचीखाली एकही विजेचे साधन नको.

हवा आत घेणारे तोंड जमिनीपासून तीन ते दहा मीटरवर हवे. जवळच्या भिंतीची किंवा झाडाची उंची तोंडापेक्षा जितकी जास्त असेल, त्याच्या किमान दुप्पट अंतर सोडा. शाळेची गच्ची सोयीची असते, पण पोषण आहाराची चूल कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा. कोकणातल्या घरांत सकाळी आंघोळीच्या पाण्यासाठी न्हाणीची चूल पेटते, आणि ती वीस मीटरवर असेल तर यंत्र गावाची हवा न मोजता त्या एका घराचा धूर मोजत बसेल. तेच स्मशानाचे, बेकरीचे आणि एसटी थांब्याचे.

दमट हवा हा कोकणातला दुसरा मोठा प्रश्न. बाजारात काही हजारांत मिळणारे सेन्सर कणांचे वजन करत नाहीत. छोट्या पंख्याने हवा आत ओढतात, तिच्यावर लेझर टाकतात आणि कणांनी विखुरलेल्या प्रकाशावरून वजनाचा अंदाज बांधतात. समुद्रावरून आलेल्या हवेत मिठाचे कण असतातच. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की मिठाचा कण पाणी ओढून विरघळतो आणि फुगतो. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, तेच हवेत घडत असते. फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो आणि सेन्सर जास्त प्रदूषण दाखवतो. धुके असेल तर आकडा थेट दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. धुळीच्या बाबतीत नेमके उलटे होते. चिरेखाणीची आणि महामार्गाची धूळ जाड असते, आणि हे सेन्सर जाड कण नीट पकडतच नाहीत. त्यांच्या पडद्यावर दिसणारा पीएम १० चा, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, आकडा बहुतांशी बारीक कणांवरून काढलेला अंदाज असतो. म्हणजे मिठाच्या ओल्या हवेत खोटी ओरड आणि जांभ्याच्या लाल धुळीत खोटी शांतता. ग्रामसभेत असा सेन्सर पुरावा म्हणून ठेवला, तर तो कोणाच्याही बाजूने वापरता येतो.

म्हणून स्वस्त सेन्सर घेऊच नयेत असे आमचे म्हणणे नाही. त्यांना एका चांगल्या, वजनावर आधारलेल्या यंत्राशेजारी ठेवून पडताळून घ्यावे लागते. हिवाळ्यात किमान पंधरा दिवस, आणि मे महिन्याच्या घामट हवेत पुन्हा पंधरा दिवस. दोन्ही वेळी आकड्यांना लावायची दुरुस्ती वेगळी येते. पुण्यात किंवा दिल्लीत काढलेली दुरुस्ती वेंगुर्ल्याला लावू नका. त्या हवेत इतके मीठ नसते.

वजनावर आधारलेले मोजमाप कसे होते, ते इथे थोडे उलगडून सांगतो, कारण माणूस का लागतो हे त्यातूनच कळेल. सॅम्पलर, म्हणजे हवेचा नमुना घेणारे यंत्र, मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढतो, म्हणजे तासाला एक घनमीटर आणि दिवसाला २४ घनमीटर. ही हवा ४७ मिलिमीटर व्यासाच्या टेफ्लॉन फिल्टरमधून जाते. हवेत घनमीटरमागे ३० मायक्रोग्रॅम कण असतील तर चोवीस तासांनी फिल्टरवर जमलेला सगळा ऐवज ७२० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे एका मिलिग्रॅमहूनही कमी. तो मोजण्यासाठी मायक्रोग्रॅमपर्यंतचा काटा लागतो. फिल्टर वजनाआधी आणि नंतर चोवीस तास ठरावीक तापमानात आणि ५० टक्क्यांहून कमी आर्द्रतेत ठेवावा लागतो. तो चिमट्यानेच उचलायचा. बोटाचा तेलकटपणासुद्धा वजनात उतरतो. टेफ्लॉनवर स्थिर वीज बसली की काटा हलत राहतो, म्हणून आधी ती घालवायची. प्रत्येक खेपेला एक कोरा फिल्टर सोबत न्यायचा, सॅम्पलरमध्ये बसवायचा आणि हवा न ओढता तसाच परत आणायचा. त्याचे वजन वाढले असेल तर वाटेत काहीतरी बिघडले, हे कळते. गुहागरहून फिल्टर एसटीने, उन्हात, थंड पेटीशिवाय प्रयोगशाळेत पोचला तर त्यावरचे नायट्रेट उडून जाते आणि आकडा कमी येतो. कमी आलेल्या आकड्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे टिकते.

हवेच्या प्रवाहाचेही तसेच. हवा गोल फिरवून जाड कण वेगळे करणारे नळकांडे (सायक्लोन) ठरावीक प्रवाहालाच अडीच मायक्रॉनवर छाटते. फिल्टर तुंबला किंवा पंप थकला की प्रवाह घटतो, जास्त जाड कण आत शिरतात, शिवाय घनमीटरचा हिशोबही चुकतो. म्हणून प्रवाह स्वतंत्र मीटरने तपासायचा, पाच टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर आधीच्या तपासणीपासूनचे आकडे संशयित म्हणून खूण करून ठेवायचे, नळकांडे उघडून पुसायचे, वरच्या तोंडाला लावलेल्या बाटलीतले पाणी काढायचे. यातले एकही काम अवघड नाही. फक्त ते दर महिन्याला, न चुकता, कोणीतरी करावे लागते.

मीठ आणि धूर वेगळे कसे करायचे, हा प्रश्न किनाऱ्यावर नेहमी येतो, आणि "हे तर समुद्राचे मीठ आहे" ही पळवाटही. उत्तर रसायनात आहे. समुद्राच्या पाण्यात सल्फेट आणि सोडियम यांचे वजनाचे प्रमाण जवळपास ०.२५ असते. फिल्टरवर सोडियम २ मायक्रोग्रॅम आणि सल्फेट ६ सापडले, तर समुद्राच्या पाण्यातून आलेले सल्फेट फक्त अर्धा मायक्रोग्रॅम. उरलेले साडेपाच बहुतांशी कोळसा, फर्नेस ऑइल, डिझेल यांच्या ज्वलनातले. थोडा वाटा समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींतून निघणाऱ्या वायूचा असतो, तो ऋतूनुसार बदलतो. क्लोराइडचे सोडियमशी प्रमाण ताज्या मिठात १.८ असते. ते बरेच खाली आले असेल, तर मिठाच्या कणांवर आम्लाची क्रिया झाली आहे, म्हणजे औद्योगिक किंवा वाहनांची हवा त्यात मिसळली आहे. हे विश्लेषण आयन क्रोमॅटोग्राफवर होते. रसायनशास्त्राचा पदवीधर काही महिन्यांत ते शिकू शकतो. कोकणातल्या एखाद्या महाविद्यालयात असे एक यंत्र नीट चालले, तर तिन्ही जिल्ह्यांचे फिल्टर तिथे जाऊ शकतात.

पूर्ण स्वयंचलित केंद्र हवे असेल, तर त्याची किंमत कोटीच्या घरात जाते. त्याचा एक बिघाड मुद्दाम सांगतो, कारण तो खास आपल्याकडचा आहे. यंत्रे तापू नयेत म्हणून खोलीत वातानुकूलन २० अंशांवर लावतात. मे महिन्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. बाहेरची ओली हवा थंड खोलीतल्या नळीत शिरली की नळीतच पाणी सुटते. थेंब विश्लेषकात जातात, आतले आरसे डागाळतात आणि सल्फर डायऑक्साइडसारखा पाण्यात विरघळणारा वायू नळीतच अडकून आकडा खाली येतो. उपाय साधा आहे. खोली २६-२७ अंशांवर ठेवा, नळीवर उष्णतारोधक आवरण घाला, मध्ये पाणी पकडणारी बाटली लावा आणि ती रोज रिकामी करा. कणांच्या यंत्राला तोंडापाशी तापक असतो, तो आर्द्रता ठरावीक पातळीवर ठेवतो. तो बंद पडला तर पाणी कण म्हणून मोजले जाते, आणि गरजेपेक्षा जास्त तापला तर नायट्रेट उडून जाते.

बाकीचे थोडक्यात. साधे लोखंडी स्क्रू एका पावसाळ्यात गंजतात. ३०४ स्टीलवरही खाऱ्या वाऱ्यात डाग पडतात, ३१६ मागवा. सर्किटवर संरक्षक लेप द्या, पण सेन्सरच्या तोंडाला आणि पंख्याला तो लागू देऊ नका. कुंभारीण माशी बारीक नळीत मातीचे घर बांधते, म्हणून तोंडाला स्टीलची बारीक जाळी लावा आणि जाळी तुंबते का ते बघत राहा. मोबाइलची रेंज गेली तरी नोंद आतल्या कार्डावर साठली पाहिजे. मोठा पाऊस, वादळ यांत वीज दिवसच्या दिवस जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत काय झाले ते आपल्या कार्यालयांच्या फायलींत असेलच. वायुभार आणि वारा मोजणाऱ्या साधनांना स्वतंत्र बॅटरी द्या, म्हणजे वादळाच्या त्या काही तासांची नोंद तरी हाती लागेल.

इतके सगळे वाचल्यावर "वार्षिक देखभाल करार करू" असे सुचेल. करार जरूर करा, पण करारातला तंत्रज्ञ मुंबईहून किंवा पुण्याहून तीन महिन्यांनी येतो. त्या तीन महिन्यांत भाजावळ कधी झाली, कोणत्या बाजूच्या डोंगराला वणवा लागला, चिरेखाणीत काम कधी सुरू होते, होळी कुठे पेटली, गणपतीत महामार्गावर किती रांग लागली, हे त्याला माहीत नसते. स्थानिक माणसाने रोज दोन ओळी नोंदवहीत लिहाव्यात. तीन वर्षांनी त्या नोंदवहीशिवाय आकड्यांचा अर्थच लागणार नाही. हाताने नमुने घेण्याच्या पद्धतीत आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ वेळा मोजमाप होते. कवळ तोडून, वाळवून राब भाजायचे दिवस प्रत्येक वाडीत वेगळे असतात. मंगळवार-शुक्रवार धरून बसले तर ते निसटतात. कोणत्या आठवड्यात जादा नमुना घ्यायचा हे गावातल्या माणसालाच कळते.

आणि हा माणूस अकरा महिन्यांच्या करारावर ठेवू नका. यंत्राची खोड कळायला एक पूर्ण ऋतुचक्र जाते. ती कळली की करार संपतो, मुलगा किंवा मुलगी मुंबईला निघून जाते आणि नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. आकड्यांत दर वर्षी एक पायरी दिसते, ती हवेतली आहे की माणूस बदलल्याची, हे कोणालाही सांगता येत नाही.

दीर्घ नोंद कशी सांभाळावी याचा दाखला रायगड जिल्ह्यातच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतले पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप हलवावे लागले. त्यासाठी अलिबाग निवडले गेले. इमारत चुंबकीय गुण नसलेल्या दगडात बांधली. १९०४ मध्ये अलिबागला नोंदी सुरू झाल्या, पण कुलाब्याच्या लगेच थांबवल्या नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालले, म्हणजे जुनी आणि नवी मालिका एकमेकींना जोडता आली. तेव्हा संचालक होते नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस. सव्वाशे वर्षे होत आली, तरी ती मालिका जगभर वापरली जाते. यंत्र किंवा जागा बदलताना जुने आणि नवे काही काळ शेजारी चालवा, ही अट आपल्या प्रत्येक कार्यादेशात असायला हवी.

हवामानबदलाच्या नावाखाली एक खरेदी मात्र करू नका, ती म्हणजे स्वस्त कार्बन डायऑक्साइड सेन्सर. हवेत हा वायू आता दशलक्ष भागांत ४२० हून अधिक भाग आहे आणि वर्षाला साधारण दोन-अडीच भागांनी वाढतो. स्वस्त सेन्सरची चूकच तीस-चाळीस भागांची असते. या कामासाठी जागतिक हवामान संघटनेची अपेक्षा ०.१ भागाच्या अचूकतेची आहे. आपल्या किनाऱ्यालगतच गोव्यात काब द राम येथे १९९३ पासून काही वर्षे काचेच्या कुप्यांत हवा भरून ती ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत तपासली जात असे. पावसाळ्यात दक्षिण गोलार्धातून समुद्रावरून येणारी हवा आणि हिवाळ्यात जमिनीवरून येणारी हवा यांतला ठळक फरक त्या नोंदींत दिसला. ते काम तसेच करावे लागते, गावोगाव डबे लावून होत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची उंचावरची ढगांची प्रयोगशाळा महाबळेश्वरला आहे, आपल्या डोक्यावरच. जिल्ह्याने करायचे काम वेगळे आहे. तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस वर्षानुवर्षे एकाच जागी अचूक मोजणे, आणि जमले तर काजळी मोजणे. काजळी सूर्यप्रकाश शोषून हवा तापवते आणि फुफ्फुसांतही जाते. ती हवेत साधारण आठवडाभरच टिकते, म्हणून राब, चूल, होड्यांची डिझेल इंजिने यांत केलेल्या बदलाचा परिणाम लवकर दिसू शकतो. सल्फेट उलट प्रकाश परतवते. जहाजांच्या इंधनातले गंधक १ जानेवारी २०२० पासून ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आणले गेले. आपल्यासमोरून जाणाऱ्या जहाजमार्गाचा किनाऱ्यावर काय परिणाम झाला हे सांगायला त्याआधीची आणि नंतरची सलग नोंद लागते. ती मागे जाऊन तयार करता येत नाही.

उपग्रह हे करतील, असेही कोणी म्हणेल. सेंटिनेल-५पी या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरचा असतो. किनाऱ्यावर त्यात अर्धा समुद्र येतो, आणि पावसाळ्यात ढगांमुळे काही दिसतच नाही. त्याच्या आकड्यांना जमिनीवरचा आधार लागतोच.

प्राचार्यांसाठी थोडे. वातावरणशास्त्र म्हणजे फक्त संगणकावरचे नकाशे, असा समज मुलांमध्ये आहे. भारतीय हवामान खात्यात १९४८ मध्ये रुजू झालेल्या अण्णा मणी यांची सगळी कारकीर्द उपकरणे देशात बनवण्यात, त्यांना एकसारखे करण्यात आणि पडताळण्यात गेली. सौर विकिरण आणि ओझोन मोजण्याची आपली घडी त्यांनी बसवली. वातावरणशास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन आणि पॉल क्रुत्झन यांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये हिंदी महासागरावर झालेल्या मोहिमेत आपल्या उपखंडावरून समुद्रावर जाणारा तपकिरी धुरकट थर मोजला गेला, तो जहाजांवर, विमानांत आणि मालदीवच्या एका बेटावर ठेवलेल्या यंत्रांनी. या क्षेत्रात यायचे तर भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्राची पदवी, त्यासोबत संख्याशास्त्र आणि पायथन, आणि हातात सोल्डरिंग व स्क्रू-ड्रायव्हर घेण्याची सवय लागते. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात या विषयाची पदव्युत्तर पदवी आहे, सीएसआयआर-नेटमध्ये पृथ्वी, वातावरण आणि महासागर विज्ञानाचा स्वतंत्र विषय आहे. पण पुण्याहून शिकून परत यायला इथे जागाच नसेल, तर मुले परत का येतील? दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि रत्नागिरीचा मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर यांच्याकडे जागा, वीज आणि विद्यार्थी आहेत. जिल्ह्याचे मुख्य केंद्र तिथल्यासारख्या आवारात असावे असे आम्हाला वाटते. कार्यालयाच्या गच्चीवर ते ज्या अधिकाऱ्याने बसवले त्याची बदली होईपर्यंतच टिकते.

वेळापत्रकाबद्दल. मार्चअखेर निधी संपवण्यासाठी यंत्रे घेतली की ती एप्रिलमध्ये येतात, मेमध्ये बसतात आणि जूनमध्ये पहिल्या पावसात भिजतात. त्याऐवजी माणसे मे-जूनमध्ये नेमा. पावसाळ्याचे चार महिने त्यांना चालू केंद्रावर प्रशिक्षण द्या. यंत्रे दसऱ्याच्या सुमारास, पाऊस ओसरल्यावर बसवा. नोव्हेंबरमध्ये सेन्सरांची शेजारी ठेवून पडताळणी करा, मेमध्ये पुन्हा करा. पहिल्या वर्षाचे आकडे लोकांना जरूर दाखवा, पण "हवा सुधारली" किंवा "बिघडली" अशी घोषणा त्यावरून करू नका. दिवसाचा हवा-निर्देशांक काढायला किमान सोळा तासांची नोंद आणि तीन प्रदूषके लागतात, त्यांत पीएम २.५ किंवा पीएम १० असलेच पाहिजे. ज्या दिवशी ती नसतील त्या दिवशी फलकावर "नोंद अपुरी" असे लिहा, आदल्या दिवशीचा आकडा ओढू नका.

प्रत्येक जिल्ह्यासाठी आमचा प्रस्ताव असा आहे. वजनावर आधारलेले सॅम्पलर आणि सलग मोजणारे एक पूर्ण केंद्र, त्याच्याशी पडताळलेले मोजके सेन्सर, आणि तीन माणसे: यंत्रांसाठी एक, प्रयोगशाळेसाठी एक, आकडे तपासून दर महिन्याला मराठीत अहवाल काढण्यासाठी एक. वेतन, फिल्टर, पडताळणीचे वायू, सुटे भाग आणि प्रवास यांची पाच वर्षांची तरतूद यंत्राच्या किमतीसोबत एकाच लेखाशीर्षात दाखवावी. कच्चे आकडे, दुरुस्त केलेले आकडे आणि दुरुस्तीचे कारण, तिन्ही संकेतस्थळावर खुले ठेवावेत. निविदेत सर्वांत कमी दराबरोबर किनारी हवेत दोन पावसाळे चाललेले यंत्र दाखवण्याची अटही घालावी.

या प्रस्तावावर समितीच्या येत्या बैठकीत चर्चा व्हावी ही विनंती. तांत्रिक विनिर्देश लिहायला, जागा बघायला आणि पहिल्या तुकडीला शिकवायला आम्ही विनामोबदला येऊ.

कळावे,

आपले,
हवेच्या मोजमापाच्या कामातील काही कोकणवासी